पान्याच्या दातांतली हळद

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवली की आधी माझाच कान धरून मला ठाण्याच्या आवारात उन्हात उभं करावंसं वाटतं. निवृत्त पोलीस आठवणी सांगतात त्या पकडलेल्या चोरांच्या. माझ्याकडंही तशा आहेत, नातीला सांगून सांगून गुळगुळीत झालेल्या. पण ही आठवण अशा प्रकरणाची आहे ज्यात चोरही नव्हता आणि गुन्हाही नव्हता. तरी मी चोवीस तासांच्या आत आरोपी धरला. एवढी मी हुशार.

खांद्यावर दोन स्टार लागून तेव्हा सहा महिने झाले होते. हवालदारकीतून खात्याची परीक्षा देऊन फौजदार झाले होते, वय चाळिशीपार, दोन लेकरांची आई. म्हणजे अक्कल यायला हरकत नव्हती. पण स्टारच्या आधी नांदेडहून काळा गॉगल आला. जीपमधून उतरताना पहिल्यांदा काठी उतरायची, मग बूट, मग गॉगल, आणि सगळ्यात शेवटी मी. बाजारात पोरं माझी नक्कल करायची. मला वाटायचं, दरारा आहे.

ठाणं वसमत तालुक्यातलं, एवढंच सांगते. हट्ट्याकडून शिरड शहापूरकडे जाताना दोन्ही बाजूंना हळदच हळद. त्या हळदीच्या एका व्यापाऱ्यानं आमच्या हद्दीत शीतगृह बांधायला काढलं होतं. हळदीला कीड लागू नये म्हणून पोती गार खोलीत ठेवायची, ही गोष्ट आमच्याकडे तेव्हा नवी. इमारत अर्धीच उभी होती. एक खोली तयार, बाकीच्यांना दारंसुद्धा नव्हती. आता खोली गार करणारं यंत्र स्वतः मात्र तापतं. त्याला थंड ठेवायला पाणी खेळवावं लागतं. ते पाणी गच्चीवरच्या मोठ्या टाकीतून जाड लोखंडी नळानं खाली यायचं, आणि नळ गेला होता नेमका त्या तयार खोलीच्या छतावरून. नळाची चाचणी झाली नव्हती. तरी मालकानं खोलीत पोती रचली होती. काही स्वतःची, काही आसपासच्या लोकांनी विश्वासानं ठेवायला दिलेली.

त्या दिवशी खंडेनवमी होती. सकाळी ठाण्यात शस्त्रपूजा झाली. आमचे जमादार जुने, निवृत्तीला आलेले; त्यांनी सतरंजीवर रायफली मांडल्या आणि मी एकेका रायफलीला हळद-कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, झेंडू ठेवला. जरा जास्तच लावलं. नवी फौजदार ना, बंदुकासुद्धा उठून दिसायला हव्यात.

दुपारी फोन आला. शीतगृहात पाणी घुसलं.

फाटकातून पिवळं पाणी रस्त्यावर येत होतं. नालीत पिवळं, रस्त्यावर पिवळं, दोन कुत्री पोटापर्यंत पिवळी. आतल्या खोलीचं छत गळून पडलेलं, पोती भिजून फुगलेली. मालक पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून उभा होता. मला बघताच म्हणाला, "मॅडम, हा घातपात हाय. लिहून घ्या. कुणीतरी मुद्दाम जोड खोलला."

शेजारी त्याचा सुपरवायझर होता, शहराकडून आलेला, तिशीतला, शर्ट इस्तरीचा. तो म्हणाला, "आज सगळ्यांना सुट्टी होती मॅडम. मी रूमवर होतो. गेटच्या दोनच किल्ल्या आहेत, एक माझ्याकडे, एक फिटरकडे."

आम्ही गच्चीवर गेलो. टाकीखालचा व्हॉल्व्ह उघडा होता. तिथून दहा-बारा हातांवर नळाचा एक जोड सुटलेला, दोन तोंडांत बोटभर फट. व्हॉल्व्हपाशी एक लाल फडकं पडलं होतं, त्यावर बारीक आरसे टाचलेले. तांड्यावरच्या बाया घालतात त्या घागऱ्याचा तुकडा. मी ते काठीच्या टोकानं उचललं आणि पंचनाम्यात लिहिलं, "घटनास्थळी आरशाचे लाल कापड एक." मनात म्हटलं, पक्षी इथंच सापडला.

फिटर तांड्यावरचा होता, हे मला गावात शिरतानाच कळलं होतं.

संध्याकाळी ठाण्यात फोन वाजला. पलीकडच्यानं नाव सांगितलं नाही. "फिटर काल मालकाशी भांडून गेला. पाना घरी घेऊन गेला. त्याच्या घरात बघा." एवढं बोलून ठेवला. मी डायरीत टिपलं, "गुप्त बातमीदाराकडून खात्रीलायक माहिती मिळाली." खात्री कसली? भांडण कशावरून झालं, एवढा एक प्रश्न मी विचारला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण प्रश्न विचारणं हे खालच्या माणसांचं काम, असा माझा तेव्हा समज होता.

दुसऱ्या दिवशी दसरा. तांडा ठाण्यापासून जीपनं पाऊण तास. मी गेले नाही. दोन शिपाई पाठवले. मी का गेले नाही? कारण दसऱ्याला गावातली मोठी मंडळी फौजदाराला सोनं द्यायला येतात, आणि ते सोनं खुर्चीत बसून घ्यायची माझी पहिलीच वेळ होती. आपट्याच्या पानांसाठी मी तपास सोडला. वाचणाऱ्यांनी हसावं, मी पण हसते, फक्त हसताना दात आवळलेले असतात.

शिपाई फिटरला आणि पान्याला घेऊन आले. पाना मोठा, दोन फुटी, दातेरी जबड्याचा. शिपाई म्हणाला, "मॅडम, याची म्हातारी लय बोंबलली. त्यांच्या बोलीत काय म्हणून राहिली होती, आमाला समजलंच न्हाई. पाना उचलू देईना."

"लपवलेला असेल," मी म्हटलं.

जप्ती पंचनामा तांड्यावर, जागेवर व्हायला पाहिजे. तो झाला माझ्या टेबलावर, आणि लिहिलं मात्र तांड्यावर झाल्याचं. पंच म्हणून समोरचा पानवाला आणि त्याचा मेहुणा. त्या दोघांनी आयुष्यात इतक्या सह्या केल्या होत्या की मजकूर वाचायचा असतो हे ते विसरून गेले होते. पान्याच्या दातांत पिवळी भुकटी होती. मी उड्या मारायचीच बाकी राहिले. लिहिलं, "पान्याच्या जबड्यात हळदीसारखी पिवळी भुकटी आढळली, ती शीतगृहातील हळदीशी जुळते." वसमत तालुक्यात हळद सापडली म्हणून पुरावा! इथं म्हशीच्या शिंगाला हळद, शाळेच्या फळ्याला हळद, नवऱ्याच्या सदऱ्याला हळद. पाना पारदर्शक पिशवीत घातला, लेबल लावलं, लाख ओतली, सह्या घेतल्या आणि मुद्देमालात ठेवला.

मग चौकशी. फिटर पस्तिशीचा, सडसडीत, बोटांना काळं वंगण मुरलेलं. त्याच्या तांड्यावरची माणसं दसरा झाला की कोयते घेऊन साखर कारखान्यांकडं ऊसतोडीला जातात. हा एकटा मागं राहिलेला. परभणीत एका उस्तादाच्या हाताखाली आठ वर्षं राबून नळाचं काम शिकला होता. तांड्यातून कोयता सोडून पाना धरणारा तो पहिला, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की तो खाली न बसता उभा राहून बोलतो.

"पाना तुझाच?"

"व्हय बाई. माझ्या उस्तादानं दिलेला हाय."

"हे फडकं?"

"माझ्या मायच्या घागऱ्याचं हाय. म्याच बांधलं व्हतं."

मी कारकुनाला डोळ्यानं खुणावलं. त्यानं लिहिलं, "घटनास्थळी गेल्याचे आरोपी कबूल करतो." कधी बांधलं, कशाला बांधलं, कुणी विचारलंच नाही.

"काल पाना घेऊन कुठं गेला होतास?"

"कुठं न्हाई. काल म्या पान्याला हातच लावला न्हाई."

"काहून?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं लेकरानं विचारावं की आई, दिवसा चांदण्या काहून दिसत न्हाईत. म्हणाला, "कालच्या दिवशी कोण लावतं, बाई?"

मी हसले. मोठ्यानं. शिपाई हसले. मी म्हटलं, "बघा, साहेबांना सुट्टी होती!" पुन्हा हशा. मग पिशवी त्याच्या नाकासमोर धरून म्हटलं, "हात लावला नाहीस, तर दातांत हळद कुठून आली?"

"ती तर—" तो म्हणाला.

आणि मी त्याच्या कानाखाली मारली. मला उलट बोलतो असं वाटलं म्हणून. त्या वाक्याचा शेवट ऐकायला मला दोन दिवस लागले. त्यानंतर तो एक अक्षर बोलला नाही. आम्ही काय काय विचारलं, तो भिंतीकडं बघत राहिला.

दुपारी मालक पेढे घेऊन आला. आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवली. "सोनं घ्या मॅडम. तुमच्यासारखा अधिकारी असल्यावर व्यापाऱ्याला काय तकलीफ? एका दिवसात बराबर धरला." मी सोनं घेतलं. त्याच हातात घेतलं. तो हात मी निवृत्तीनंतर कितीदा धुतला असेल, पण ते जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी कोर्टानं दोन दिवसांची कोठडी दिली. वर्तमानपत्रात बातमी आली, "शीतगृहातील घातपात उघड." बातमीत तांड्याचं नाव होतं. माझंही होतं. मी कात्रण कापून ठेवलं.

त्यानंतरच्या सकाळी जमादार व्हरांड्यात रायफली साफ करत बसले होते. मी तेलातल्या पुरीसारखी फुगून खुर्चीत चहा पीत होते. जमादारांचं तोंड चालू होतं.

"दरसाल सांगतो, बेतानं लावा. हे बघा मॅडम, बोल्टाच्या खाचेत हळद जाऊन बसली. सुईनं काढावी लागून राहिली."

"दोन-चारदा बोल्ट ओढा, निघून जाईल," मी म्हटलं.

"निघतीच की. एकदा वापरली की साफ. पण नवमीला कुणी वापरीत न्हाई म्हणून राहती." आणि चिंधी तेलात बुडवत ते म्हणाले, "बंदूक काय अन पाना काय, अन आमच्या सुनेची शिलाई मशीन काय. त्या दिवशी कोण हात लावतं?"

माझा कप तसाच राहिला.

तेच वाक्य. एखादा शब्द इकडचा तिकडं, बाकी तेच. परवा आरोपीनं म्हटलं तेव्हा उद्धटपणा होता, आज जमादारांनी म्हटलं तर शहाणपण झालं. आणि मी! मी स्वतः नवमीच्या सकाळी याच हातांनी रायफलींना हळद फासली होती, आणि दुसऱ्या दिवशी तीच हळद पान्यावर बघून मला ओळखू आली नव्हती. कारण बंदुकीवर असली की पूजा, आणि तांड्यावरच्या पान्यावर असली की पुरावा.

मुद्देमालाची खोली उघडली. सील तोडायची गरजच नव्हती, पिशवी पारदर्शक होती. उजेडात धरली. हळद कोरडी होती. प्रत्येक दाताच्या खाचेत जशीच्या तशी, आणि तिच्यावर मधोमध कुंकवाचा लाल ठिपका. जबड्याच्या कोपऱ्यात तांदळाचा एक पिवळा दाणा अडकलेला. अक्षता. जिथं नळातून पाणी धो धो वाहत होतं, जिथली हळद चिखल होऊन रस्त्यावर आली, तिथं हा पाना नळावर चढवून फिरवला असता तर हा दाणा राहिला असता का? मी पिवळं लिहिलं होतं. लाल लिहिलं नव्हतं. दाणा लिहिला नव्हता. मला पाहिजे तेवढंच मला दिसलं होतं.

"जमादार, जीप काढा," मी म्हटलं. गॉगल टेबलावरच राहिला.

वाटेत गावातला हातपंप दुरुस्त करणारा म्हातारा मिस्त्री घेतला. गच्चीवर त्यानं सुटलेल्या जोडावरून अंगठा फिरवला, मग पुढच्या जोडावरून, मग परत यावरून.

"बाईसाहेब, ह्याला पाना लागलाच न्हाई. ना आवळायला, ना खोलायला. पाना लागला की लोखंडावर दात उमटतात, ह्या दुसऱ्या जोडांवर बघा. हा निस्ता हातानं बसवून ठेवलाय. कच्चा जोड हाय. पाण्याचा जोर आला, निघाला."

"म्हणजे कुणी खोलला नाही?"

"खोलायला आधी आवळलेला लागंल ना."

मी लाल फडक्याचं विचारलं. तो म्हातारा हसला. "ते तर फिटरची खूण हाय. कुठं कच्चं काम राहिलं की व्हॉल्व्हला फडकं बांधायचं. फडकं हाय तंवर पाणी सोडायचं न्हाई. हातपंपालाबी आमी बांधतो. एवढं तर लेकरालाबी ठावं हाय."

लेकराला ठाऊक होतं. फौजदाराला नव्हतं.

म्हणजे ज्या दोन वस्तू मी त्याच्याविरुद्ध लिहिल्या होत्या, त्या दोन्ही त्याच्या बाजूनं बोलत होत्या. पाना सांगत होता, मला कुणी हात लावला नाही. फडकं सांगत होतं, त्यानं पाणी सोडू नका म्हणून बजावलं होतं. माझ्याच पंचनाम्यात, माझ्याच अक्षरात.

मग फडकं सोडलं कुणी? किल्ल्या दोनच होत्या.

सुपरवायझरला ठाण्यात बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला, पेढा दिला. मालकाचाच पेढा होता, उरलेला. इकडचं तिकडचं बोलले. मग फडकं टेबलावर ठेवलं आणि आपली तक्रार सांगावी तशी म्हटलं, "काय घट्ट गाठी मारतात हो हे लोक. तुम्हाला कशी सुटली? मला तर दातानं सोडावी लागली असती."

"नाही मॅडम, साधी गाठ होती, ओढल्याबरोबर—"

तो थांबला. मी फडकं त्याच्या कपाशेजारी सरकवलं.

मग तो रडला. मोठा माणूस रडतो तेव्हा मला कणव येते, त्या दिवशी आली नाही. मालकाला दसऱ्याच्या मुहूर्तावर पाहुण्यांना यंत्र चालू करून दाखवायचं होतं. फिटरनं आदल्या दिवशी सांगितलं होतं, एक जोड कच्चा आहे, उद्या नवमी, मी पाना धरणार नाही, दसरा झाल्यावर आवळतो, तोपर्यंत पाणी सोडू नका. भांडण ते हेच. नवमीला कुणी कामगार येईना, म्हणून मालकानं सुपरवायझरला म्हटलं, तूच सोड पाणी, बघू चालतं का. हा गच्चीवर गेला, फडकं सोडलं, व्हॉल्व्ह उघडला, खाली यंत्राच्या खोलीत जाऊन उभा राहिला. वर जोड निसटला, हे कळेपर्यंत छत खाली आलं होतं.

"तुम्हाला सांगितलं होतं ना त्यानं?"

"कुठला तरी जोड म्हणाला होता मॅडम. मी नीट ऐकलं नाही. आणि ते फडकं... त्याला आरसे होते. मला वाटलं, नजर लागू नये म्हणून बांधलं असेल. त्यांचं काहीतरी असतं ना तसलं."

"आणि फोन?"

तो खाली बघून म्हणाला, "मीच केला. शेठ म्हणाले, फिटर तांड्यावरचा आहे, पोलिसांना पटेल."

पोलिसांना पटेल.

पाणी सोडलं ती चूक होती. चूक कुणाचीही होते. नळ गळतात, छतं पडतात, माणसं नीट ऐकत नाहीत. त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो त्या एका वाक्यावर, आणि आज इतक्या वर्षांनी, चष्म्याचा नंबर दोनदा वाढल्यावरही, तो कमी झालेला नाही. कारण त्या व्यापाऱ्यानं मला एकदाच पाहिलं होतं, फार तर दोनदा, आणि तरी त्यानं मला बरोबर ओळखलं होतं. त्याला ठाऊक होतं की ही बाई प्रश्न विचारणार नाही. तांडा म्हटलं की हिला पुरेल. आणि मला पुरलं. त्याचा अंदाज कणभरही चुकला नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या माणसांवर कुणीतरी चोर म्हणून शिक्का मारून ठेवला, तो शिक्का पुसायचं काम सरकारनं केव्हाच केलं म्हणतात. माझ्या डोक्यात तो लखलखीत होता. शाईसुद्धा वाळली नव्हती.

कागदोपत्री मग सगळं रीतसर झालं. कोर्टात एकशे एकोणसत्तरचा अहवाल देऊन फिटरला सोडला. आरोपीविरुद्ध पुरावा नाही, असं त्यात लिहावं लागतं. गुन्ह्याची 'क' समरी मागितली, म्हणजे गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा. गैरसमज! किती गोंडस शब्द आहे. मालकावर खोटी फिर्याद दिल्याचा प्रस्ताव मी वर पाठवला. वरचे साहेब म्हणाले, "बघू." तो प्रस्ताव अजून बघतच असतील. मालक मात्र ज्यांची पोती भिजली त्यांना घातपात झाला म्हणूनच सांगत राहिला. सुटकेची बातमी द्यायला मी वर्तमानपत्राच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, सुटल्याची कोण वाचतं?"

फिटरला सोडलं त्या दुपारी मी त्याला माझ्या टेबलासमोर बसवलं. या वेळी खुर्चीवर. म्हटलं, "चुकलं माझं. मी हात उचलायला नको होता."

तो म्हणाला, "मारलं त्याचं काय न्हाई, बाई. पोलीस मारतेत. पण मी खरं सांगून राहिलो होतो, अन तुमी हसून राहिला होता."

उठला आणि निघून गेला. पाना मागितला नाही. तो कोर्टाच्या हुकुमाशिवाय देता येत नव्हता.

हुकूम यायला दिवाळी उलटली. या वेळी मी शिपाई पाठवला नाही. पाना कापडात गुंडाळला आणि स्वतः गेले. तांडा अर्धा रिकामा होता, टोळ्या ऊसतोडीला निघून गेल्या होत्या. फिटरच्या दारात त्याची आई बसली होती, अंगावर आरशांचा घागरा, त्याच्या एका कडेला तुकडा फाडल्याची जागा तशीच.

"लेक कुठं आहे, मावशी?"

"टोळीत गेला." तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. "त्याला कोण काम देतंय आता? सगळे म्हणतेत, पोलिसांनी धरला होता. अन पाना तुमच्याकडं. कोयता घेऊन गेला."

आठ वर्षं शिकून त्यानं कोयता टाकला होता. मी तो एका दुपारीत त्याच्या हातात परत दिला होता.

मी कापड सोडलं. "हा त्याचा पाना. कुठं ठेवू?"

"जिथून नेला तिथं ठेवा."

मी पाना हातात घेऊन उभी राहिले. मला ठाऊकच नव्हतं. माझ्या सहीचा जप्ती पंचनामा कोर्टात आहे, त्यात लिहिलंय की अमुक तांड्यावर अमुक घरात माझ्या समक्ष पाना जप्त केला. आणि तो कुठून उचलला, हे मला ठाऊक नव्हतं. म्हातारीला ते बराबर कळलं. तिनं हनुवटीनं आत दाखवलं.

आत भिंतीशी लाकडी पाट होता. त्यावर वाळून काळे पडलेले झेंडू. हातोडी, छिन्नी, करवत, सगळ्यांवर हळद-कुंकू सुकलेलं. आणि मधोमध पाट कोरा. हळद, कुंकू, अक्षता सगळीकडं सांडलेलं, फक्त दोन फूट लांबीची, जबड्यासकट, पान्याच्या आकाराची एक जागा स्वच्छ. म्हातारीनं त्या दिवसापासून तो पाट झाडलाच नव्हता. मी दसऱ्याला तिथं आले असते, तर उंबऱ्यातून एका नजरेत प्रकरण मिटलं असतं. मी पाना त्या जागेवर ठेवला. बरोबर बसला.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं नव्या पोरी अकादमीतून येऊन विचारतात. मी त्यांना सांगते, जागेवर जा गं. स्वतःच्या पायानं जा. आणि समोरचा बोलत असेल तर त्याचं वाक्य पुरं होऊ द्या, हात खिशात ठेवा. त्या मान हलवतात. त्यांनीही गॉगल लावलेले असतात.

तो फिटर गुढीपाडव्याच्या सुमारास टोळीतून परतला, असं जमादारांकडून कळलं. पुढं त्यानं पाना पुन्हा धरला. आता त्याचा लेकही त्याच्याबरोबर काम करतो, आणि वसमतपासून औंढ्यापर्यंत लोक त्यालाच बोलावतात म्हणे. हातचं काम पक्कं आहे, एक थेंब गळत नाही.

माझ्या स्वयंपाकघरातला नळ दोन वर्षं गळतोय. खाली मी पातेलं ठेवते. नात चिडते, "आजी, तू पोलीस होतीस ना? एका फिटरला फोन करायला कसली घाबरतेस?"

नंबर माझ्याकडं आहे. एकदा लावलाही होता. त्यानं "कोण बोलतंय?" म्हणून विचारलं, आणि मी फोन ठेवून दिला.